पुराचं पाणी वाढलं, दिवाळीनंतरचं हरवलं: ओढ्याचं असं का होतं?

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. मुळशी तालुक्यातलं तुमचं गाव, गावाजवळून जाणारा ओढा पुढे मुळेला मिळतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तो संक्रांतीपर्यंत वाहायचा, आता दिवाळी झाली की खडक उघडे पडतात. उलट पावसाळ्यात फरशी पूल पूर्वी क्वचित पाण्याखाली जायचा, तो आता प्रत्येक मोठ्या सरीला बुडतो. वर डोंगराच्या अंगाला प्लॉटिंग झालंय, खालची काही खाचरं भरून बंगले उठलेत आणि पलीकडच्या टेकडीवर काही वर्षांपूर्वी झाडं लावली गेली आहेत. मग ओढ्याचं पाणी वाढलं की कमी झालं? आणि ग्रामसभेत ठरतंय तशी पाच हजार झाडं लावली तर ओढा पूर्वीसारखा वाहील का?

मी तीस वर्षं भीमा खोऱ्यात ओढ्या-नद्यांचं पाणी मोजण्याचं काम केलं. अशी तक्रार मी अनेक गावांत ऐकली आहे आणि बहुतेक ठिकाणी तिचे दोन्ही भाग खरे निघाले. वर्षभराचं एकूण पाणी मोजलं तर तुमच्या ओढ्यात फारसा फरक सापडणारही नाही. बदललंय ते पाण्याचं वेळापत्रक. जे पाणी चार महिने जमिनीत राहून हळूहळू यायचं, ते आता चार तासांत येऊन जातं. म्हणून ‘वाढलं की कमी झालं’ यापेक्षा ‘कोणत्या महिन्यातलं वाढलं आणि कोणत्या महिन्यातलं गेलं’ असं विचारलंत तर उत्तराची वाट सापडेल.

डोंगरावर पडलेल्या पावसाला तीन वाटा असतात. काही जमिनीवरून थेट ओढ्यात पळतो, त्याला आम्ही अपधाव म्हणतो. काही मुरतो आणि पुढे झऱ्यांतून, पाझरांतून ओढ्याला मिळतो. उरलेला झाडं, गवत, पिकं पितात किंवा उघड्या जमिनीवरून तो वाफ होऊन जातो. जमिनीचा वापर बदलला की या तीन वाटांमधलं वाटप बदलतं. बदल कुठल्या बाजूला होईल हे झाडांच्या संख्येवरून कळत नाही. ते मातीच्या वरच्या वीतभर थरावरून कळतं.

तुमच्याकडे एखादी जुनी देवराई असेल. तिच्यात जा, पालापाचोळा बाजूला करा आणि हात घाला. मुळांनी, गांडुळांनी, वाळवीने केलेल्या पोकळ्या बोटांना लागतात. आता शेजारच्या चरलेल्या, दरवर्षी वणवा लागणाऱ्या माळावर या. गुरांच्या खुरांनी दबलेली, पावसाच्या थेंबांनी लिंपल्यासारखी झालेली जमीन, मध्येच उघडा मुरूम. दोन्हीकडे तळ कापलेला पत्र्याचा डबा चार बोटं खोल ठोका, त्यात तांब्याभर पाणी ओता आणि घड्याळ लावा. आमच्याकडे याला चांगली उपकरणं आहेत, पण हा डबासुद्धा फरक दाखवतो. मी गावकऱ्यांसमोर अनेकदा केलाय हा प्रयोग. देवराईतला डबा बोलता बोलता रिकामा होतो, माळावरचा चहा होईपर्यंत तसाच भरलेला राहतो.

हा फरक आकड्यांत किती? अमेरिकेच्या मृदा संधारण सेवेने बसवलेली ‘कर्व्ह नंबर’ पद्धत आपल्याकडेही अपधाव काढायला सर्रास वापरतात. तिच्यात जमिनीला एक अंक देतात, अंक जितका मोठा तितकं पाणी जास्त वाहतं. मध्यम-भारी जमिनीवरच्या दाट जंगलाला कोष्टकात ५८ हा अंक आहे आणि तशाच जमिनीवरच्या पडीक माळाला ८५. त्यावरून हिशेब करून पाहा. ४० मिलिमीटर पाऊस एका दमात पडला तर जंगलातून जवळजवळ काहीच वाहत नाही, माळावरून सुमारे १३ मिलिमीटर वाहतं. १०० मिलिमीटर पडला तर जंगलातून सुमारे १६ आणि माळावरून सुमारे ६१. आता एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका हेक्टरवर १० हजार लिटर, म्हणजे गावात येतो तसा एक टँकर. शंभर मिलिमीटरच्या एका दिवशी माळाचा प्रत्येक हेक्टर तुमच्या ओढ्यात जंगलापेक्षा ४५ टँकर जास्त सोडतो. हे अंक कोष्टकातले आहेत, तुमच्या डोंगराचे थोडे वेगळे येतील, पण फरशी पूल का बुडतो ते यावरून कळतं.

तोच हिशेब ३०० मिलिमीटरच्या पावसाला लावला तर जंगलातून सुमारे १५५ आणि माळावरून सुमारे २५२ येतात. म्हणजे १०० मिलिमीटरला जवळजवळ चौपट असलेला फरक इथे दीडपटीच्या थोडा वर येऊन थांबतो. कारण पाऊस इतका झाला की जंगलाची मातीही भरून जाते आणि पुढचा प्रत्येक थेंब वाहतोच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तशा पावसाला कुठलंही जंगल थोपवू शकत नाही. झाडं असती तर महापूर आलाच नसता असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जंगल आवरतं ते दरवर्षीचे, दोन-पाच वर्षांनी येणारे लहान-मध्यम पूर. तुमच्या फरशी पुलाला बुडवणारे पूर त्याच जातीचे आहेत, म्हणून तुमच्या बाबतीत जमिनीवरच्या बदलाला दोष देणं योग्यच आहे.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ते मला कायम खुपत आलंय. मुंबई इलाख्यात स्ट्रेंज नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८९२ साली पाऊस आणि अपधाव यांचं कोष्टक तयार केलं. आपल्याकडच्या कितीतरी तलावांचा येवा, म्हणजे तलावात येणारं पाणी, त्यावरूनच काढला गेला. त्यात पाणलोटाचे तीन वर्ग आहेत, चांगला, मध्यम आणि वाईट. ‘चांगला’ म्हणजे ज्यावरून जास्त पाणी वाहून तलावात येतं तो, आणि ‘वाईट’ पाणलोट साधारण त्याच्या निम्मंच पाणी देतो. तलाव भरणाऱ्याच्या नजरेने हे बरोबर आहे. पण तिथे राहणाऱ्याच्या, विहिरीवर जगणाऱ्याच्या नजरेने नेमका तो ‘वाईट’ पाणलोटच हवा असतो. आमच्या कित्येक पिढ्या हे शब्द घोकत शिकल्या. जमिनीत मुरलेलं पाणी म्हणजे ‘घट’ असंच आम्ही लिहीत आलो. धरणात न आलेलं पाणी वाया गेलं, असं मानायची सवय यातून लागली आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

आता दुसरी बाजू. पाच हजार झाडांचा प्रश्न इथे येतो आणि तो मी जरा सविस्तर घेतो.

झाडं पाणी मुरवतात हे खरं आहे, तितकंच झाडं पाणी पितात हेही खरं आहे. सदाहरित आणि झपाट्याने वाढणारी झाडं तर गवतापेक्षा कितीतरी जास्त पितात, कारण त्यांची मुळं खोल जातात आणि गवत वाळून पिवळं पडतं त्या महिन्यांतही त्यांची पानं हिरवी असतात. निलगिरी पर्वतात उटीजवळ ग्लेनमॉर्गनला याचा फार काळजीपूर्वक अभ्यास झालाय. शेजारीशेजारी असलेले, प्रत्येकी सुमारे ३२ हेक्टरचे दोन पाणलोट निवडले. दोन्हीकडे शोला, म्हणजे तिथलं डोंगराच्या खोबणीतलं सदाहरित जंगल, आणि नैसर्गिक गवत. १९६८पासून दोन्ही ओढे मोजले. मग १९७२ साली एका पाणलोटाच्या ५९ टक्के क्षेत्रावर निलगिरीची झाडं लावली, दुसरा तसाच ठेवला. पहिल्या दहा वर्षांत लागवडीच्या पाणलोटातून येणारं पाणी १६ टक्क्यांनी घटलं. झाडं तोडल्यावर बुंध्यांना फुटवे आले, त्या दुसऱ्या दहा वर्षांत घट सुमारे २५ टक्क्यांवर गेली. आणि उन्हाळ्यातला बारीक प्रवाह त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात घटला. खालच्या गावांना वर्षात ज्या पाण्याचा खरा आधार असतो, ते हेच पाणी.

दक्षिण आफ्रिकेत असंच आढळल्यावर त्यांनी १९९८च्या जल कायद्यात व्यापारी वनलागवड ही ‘प्रवाह घटवणारी कृती’ ठरवली आणि तिला परवाना लागू केला. झाडं लावायला पाण्याचा परवाना हे आपल्याला ऐकायला विचित्र वाटतं, पण तो कायदा मोजमापातून आला आहे.

मग झाडं लावायचीच नाहीत का? लावायची, पण कुठल्या जमिनीवर काय लावतो ते पाहून. जिथे जमीन मुळात चांगली मुरवत होती, म्हणजे दाट गवताचं पठार, तिथे झाडं लावून मुरणं फारसं वाढत नाही, पिणं मात्र वाढतं. ग्लेनमॉर्गनला हेच झालं. जिथे जमीन पूर्ण बिघडलेली आहे, दबलेली, धुपलेली, तिथे झाडांनी आणि त्यांच्याखालच्या पाल्याने माती मोकळी झाली तर वाढलेलं मुरणं हे वाढलेल्या पिण्यापेक्षा जास्त भरू शकतं. मग दिवाळीनंतरचा प्रवाह परत येण्याची आशा धरता येते. मुरणं आणि पिणं यांतली ही चढाओढ आहे. तिचा निकाल प्रत्येक डोंगरावर वेगळा लागतो. शिवाय पिणं तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून सुरू होतं आणि माती सुधारायला दशकं लागतात. पश्चिम घाटात उत्तर कन्नडमध्ये उजाड जमिनींवर अकेशियाची, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभळीची, लागवड झाली, तिथली माती तपासली तेव्हा ती उजाड जमिनीपेक्षा जास्त मुरवत होती, पण मूळ जंगलाची सर तिला आली नव्हती. पहिल्या काही वर्षांत ओढा आणखी लवकर आटला तर लोक निराश होतात. ग्रामसभेत हे आधीच सांगून ठेवा.

पावसाच्या पट्ट्याचाही मोठा वाटा आहे. इंग्लिस आणि डिसूझा यांनी १९२९ साली आपल्या भागासाठी पावसावरून अपधाव काढायची दोन सूत्रं दिली, एक घाटासाठी, एक देशावरच्या पठारासाठी. त्यानुसार घाटात ३०० सेंटिमीटर पाऊस झाला तर सुमारे २२५ सेंटिमीटर वाहून येतो. देशावर ६० सेंटिमीटर पाऊस झाला तर वाहून येतो जेमतेम १०. आता समजा झाडांनी किंवा पिकाने वर्षाला पाच सेंटिमीटर पाणी जास्त प्यायलं. मुळशीच्या ओढ्याला वर्षाच्या हिशेबात ते जाणवणारही नाही. दौंड-इंदापूरच्या ओढ्याचं मात्र निम्मं पाणी गेलं. म्हणून एका तालुक्यातलं उत्तर दुसऱ्या तालुक्यात चालत नाही. तुम्ही पाऊसवाल्या पट्ट्यात आहात, वर्षाचं पाणी तुम्हाला कमी पडणार नाही. तुमची अडचण फक्त ते साठवून ठेवण्याची आहे.

मुळा-मुठेच्या खोऱ्याचा एक अभ्यास तुमच्या अगदी जवळचा आहे. पॉल वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. पुण्याच्या वरच्या अंगाला सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचं खोरं, पश्चिमेला घाटमाथ्याचा धो धो पाऊस, पूर्वेला शहराकडे जेमतेम ७०-७५ सेंटिमीटर. १९८९ ते २००९ या वीस वर्षांत तिथलं शहरी क्षेत्र ५.१ टक्क्यांवरून १०.१ टक्क्यांवर गेलं आणि शेती ९.७वरून १३.५ टक्क्यांवर. पूर्ण खोऱ्याचा हिशेब मांडल्यावर नदीच्या एकूण पाण्यात जवळजवळ फरक नाही. कारण शहराने पाणी वाढवलं आणि शेतीने ते पिऊन टाकलं, दोन्ही एकमेकांत वजा झालं. पण खोऱ्याचे छोटे तुकडे वेगवेगळे पाहिले तेव्हा शहर वाढलेल्या तुकड्यांत वाहणारं पाणी ७.६ टक्क्यांपर्यंत वाढलेलं होतं आणि शेती वाढलेल्या तुकड्यांत बाष्पीभवन ५.९ टक्क्यांपर्यंत. संगमावर उभं राहून मोजणाऱ्याला सगळं ठीक दिसतं आणि वरच्या ओढ्याकाठच्या माणसाला पूर आणि टंचाई दोन्ही भोगावी लागतात. ‘नदीच्या आकड्यात काही बदल नाही’ असं कुणी तुम्हाला ऐकवलं तर हे लक्षात ठेवा.

शहराच्या बाजूला काय होतं ते पुण्याने २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पाहिलं. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबील ओढा काही तासांच्या पावसात फुगला आणि त्या रात्रीच्या पुरात पुणे परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. तिथे काँक्रीटमुळे पाणी जास्त आलं, लवकर आलं, आणि ज्या पात्रातून जायचं ते पात्रच आकसलेलं होतं. तुमच्याकडे वरच्या प्लॉटिंगचे रस्ते उताराला सरळ खाली आलेत का, बघा. डोंगर कापून केलेला असा रस्ता पावसाळ्यात ओढाच असतो. तो आजूबाजूचं पाणी गोळा करून थेट पुलावर आणून टाकतो. पॉलिहाऊसचं प्लॅस्टिक छपरही तेच करतं.

खाचरं भरली गेली, हे तुम्ही प्रश्नात ओघात लिहिलंत. माझ्या मते तुमच्या ओढ्याच्या बाबतीत तीच सगळ्यात मोठी गोष्ट असू शकते. भातखाचर म्हणजे बांध घातलेलं छोटं तळं. चिखलणीमुळे तळाशी पाणी हळू मुरतं हे खरं, पण बांधाआड वीतभर पाणी उभं राहतं. १५ सेंटिमीटर पाणी एका हेक्टरवर म्हणजे १५ लाख लिटर, दीडशे टँकर. उतारावर एकाखाली एक अशी पन्नास खाचरं असली की सर आली तरी पाणी टप्प्याटप्प्याने उतरतं. ही खाचरं आपल्या आज्या-पणज्यांनी दगड रचून उभी केली. त्यांत भराव टाकला की तो सगळा साठा एका उन्हाळ्यात नाहीसा होतो आणि वर काँक्रीटचं पाणी त्यात येऊन मिळतं. वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनी पडीक पडल्या, नाचणी-वरई कुणी लावत नाही, त्यानेही उतारावरचे जुने बांध ढासळतात. पण त्याचा परिणाम हळूहळू होतो.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत ती मी विचारतो. ओढ्याच्या दोन्ही अंगांना विहिरी आणि बोअर किती झाले? आपल्या काळ्या खडकात पाणी धरणारा थर बहुतेक ठिकाणी उथळ असतो, झिजलेल्या खडकाचा आणि भेगांचा. पावसाळा संपल्यावर ओढा वाहतो तो याच थराच्या पाझरावर. त्याची पातळी ओढ्याच्या तळाखाली गेली की ओढा आटला. वर कितीही जंगल असलं तरी आटला. बंगल्यांची हिरवळ राखायला डिसेंबरपासून पंप चालू असतील, तर ओढा लवकर आटण्यामागे डोंगरापेक्षा पंपाचा हात मोठा असेल. मला अशी गावं माहीत आहेत जिथे लोक टेकडीवरच्या झाडांना दोष देत होते आणि विहिरी मोजल्यावर बोलणं बदललं.

पलीकडच्या टेकडीवर झाडं कोणती लागली आहेत तेही पाहा. गिरीपुष्प पावसाळ्यानंतर पानं गाळतं, त्याचं पिणं उन्हाळ्यात कमी. निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ असेल तर ओढ्याच्या उगमाजवळ आणि झऱ्याच्या ओलीत ती नकोतच.

ग्रामसभेला माझं सांगणं असं राहील. पाच हजार खड्डे खणण्याआधी दोन वर्षं त्या उतारावर वणवा लागू देऊ नका आणि चराई आळीपाळीने बंद ठेवा. गवत आधी येऊ द्या. आपल्याकडच्या पावसात दोन हंगामांत गवत आणि झुडपं स्वतः उठतात, जुन्या खोडांना फुटवे येतात आणि खर्च फक्त राखणदाराचा असतो. जिथे मुरूम उघडा पडलाय तिथे समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीतले चर खणा, पण कातळावर किंवा फार तीव्र उतारावर नको, तिथे चरात पाणी साचून दरड सुटायची भीती असते. मग जिथे माती आहे तिथे ऐन, हिरडा, जांभूळ, आंबा अशी आपलीच झाडं विरळ लावा. पठारावरचं गवत मोकळंच राहू द्या. उरलेल्या खाचरांचे बांध नीट करा आणि पडीक खाचर विकलं गेलं तरी बांध राहील अशी अट घालता येते का, ते ग्रामपंचायतीत बघा. रस्त्यांना दर थोड्या अंतरावर आडवे पाट काढून पाणी बाजूच्या झाडीत सोडलं तर पुलावरचा जोर पहिल्याच पावसाळ्यात कमी झालेला दिसेल.

आणि मोजायला सुरुवात करा, नाहीतर दहा वर्षांनी पुन्हा आठवणींवरच भांडण होईल. फरशी पुलाच्या खांबावर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा मारा. पाऊसमापक शाळेत ठेवा, मुलं रोज सकाळी साडेआठला वाचतील. दसऱ्यापासून दर रविवारी ओढ्याच्या अरुंद जागी फळी लावून सगळं पाणी एका धारेत आणा आणि वीस लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहा. पाणी बादलीला आवरेनासं असेल तोवर फक्त पुलावरची पातळी लिहा. ओढा ज्या दिवशी तुटला ती तारीख लाल शाईने लिहा. शक्य असेल तर शेजारच्या गावातला, जिथे प्लॉटिंग झालेलं नाही असा एक ओढाही तसाच मोजा, म्हणजे कमी पावसाच्या वर्षाचा दोष जमिनीवर येणार नाही आणि जमिनीचा दोष पावसावर ढकलता येणार नाही. ग्लेनमॉर्गनला दोन पाणलोट घेतले ते याचसाठी. तीन-चार वर्षांची वही जमली की मला जरूर पाठवा. विहिरींची यादी, त्यांची खोली आणि पंप कधी चालतात हे मात्र याच दिवाळीआधी लिहून काढा, कारण पुढचं सगळं वाचन त्या यादीशी ताडूनच लावावं लागेल.